वसाहती सुटल्या कशा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात इतिहासाची हौस दांडगी, पण ती शनिवारवाड्यापाशी सुरू होते आणि बहुतेकांची १९४७ ला संपते. आपल्या आगेमागे जगभरातल्या ऐंशीहून अधिक वसाहती स्वतंत्र झाल्या, त्यांची बोळवण शाळेच्या पुस्तकात एखाद्या परिच्छेदात होते. नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं आणि संध्याकाळी टेकडी उतरताना तावातावाने बोलणारे निवृत्त काका, या दोघांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एका मापाची नाहीत. काही प्रश्नांना दोन ओळी पुरतात, काहींना पुरत नाहीत.

वसाहती स्वतंत्र होण्याचा काळ नेमका कोणता?

दोन लाटा धरा. पहिली अमेरिका खंडातली. १७७६ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी ब्रिटनशी काडीमोड घेतला. पुढे नेपोलियनने स्पेन आणि पोर्तुगाल तुडवल्यावर दक्षिणेत सिमोन बोलिव्हार आणि सान मार्तिन यांनी स्पेनची सत्ता उखडली. १८२४ च्या आयाकुचोच्या लढाईनंतर दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर स्पेनचं फारसं काही उरलं नाही. दुसरी लाट दुसऱ्या महायुद्धानंतरची: आशिया, आफ्रिका, कॅरिबियन. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे ५१ सदस्य होते, आज १९३ आहेत. ही वाढ मुख्यतः याच लाटेची.

दोन्हींत एक मोठा फरक आहे. पहिल्या लाटेत राज्य घेणारे बहुतेक युरोपीय वंशाचेच होते. मायदेशाचे कर आणि हुकूम त्यांना नकोसे झाले होते, एवढंच. मूळ रहिवासी आणि गुलाम यांचं काय झालं हे विचारलं, तर त्या क्रांत्यांची चमक बरीच उतरते. अपवाद एकच, हैती.

हैतीबद्दल आपण कधीच का ऐकत नाही?

ऐकायला हवं, कारण गुलामांनी बंड करून देश उभा केल्याचं इतिहासातलं हे एकमेव ठळक उदाहरण आहे. तेव्हा नाव सँ-दोमँग. साखर आणि कॉफी पिकवणारी फ्रान्सची सर्वांत किफायतशीर वसाहत. १७९१ मध्ये उठाव झाला. तुसाँ लुव्हेर्त्यूर या माजी गुलामाने सैन्य उभं केलं. नेपोलियनच्या सैन्याने त्याला दग्याने पकडून फ्रान्सला नेलं आणि १८०३ मध्ये तो तिथल्या थंड किल्ल्यात वारला. पण त्याच्या मागे राहिलेल्यांनी आणि पिवळ्या तापाने मिळून फ्रेंच फौजेची धूळदाण केली. १ जानेवारी १८०४ ला त्याचा सेनापती देसालीन याने स्वातंत्र्य जाहीर केलं.

मग आला हिशेब. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका बंदरासमोर आणून उभ्या केल्या आणि १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. मळेवाल्यांचं जे 'नुकसान' झालं, म्हणजे जमीन आणि माणसं हातची गेली, त्याची भरपाई! पुढे हा आकडा ९ कोटींवर आला. पैसे नव्हते, म्हणून हैतीने फ्रेंच बँकांकडूनच कर्ज काढलं. त्या कर्जाचे शेवटचे हप्ते फिटले ते १९४७ मध्ये. हैती गरीब का, असं कोणी विचारलं की आधी हा आकडा समोर ठेवावा.

इंग्रज भारतातून का गेले? गांधीजींमुळे, नेताजींमुळे की महायुद्धामुळे?

टिळक रोडवरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर हा वाद मिटलेला कोणी पाहिलेला नाही. तीन नावांपैकी एक निवडायचा आग्रह सोडला तर तो मिटू शकतो.

आधी पैसा. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन भारताचं सुमारे १३० कोटी पौंडांचं देणं लागत होता. म्हणजे सावकार आणि कुळ यांची अदलाबदल झाली होती. १९४६ मध्ये ब्रिटनने अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. मायदेशात अन्नाचं रेशनिंग चालू, आणि इथे चाळीस कोटींवर राज्य करायचं.

मग माणसं. १९४२ च्या आंदोलनात गांधीजींना पुण्यातच, आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं होतं. महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ ला तिथेच गेले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला. दोघांच्या समाध्या आवारात आहेत. सहलीला नेलेली मुलं फोटो काढतात आणि पुढे जातात. आंदोलन तेव्हा चिरडलं गेलं, पण ते चिरडायला युद्धाच्या ऐन धामधुमीत पलटणी गुंतवाव्या लागल्या, ही गोष्ट लंडनच्या डोक्यातून गेली नाही.

आणि शेवटी सैन्य. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला. शिक्षा झाली, पण ती अमलात आणण्याची सरकारची छाती झाली नाही. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या केंद्रावर खलाशांनी संप पुकारला आणि तो बघता बघता जहाजांवर आणि इतर बंदरांत पसरला. दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये मंत्र्यांचं शिष्टमंडळ भारतात पाठवण्याची घोषणा झाली. ती या बंडामुळे झाली असं सर्रास सांगितलं जातं. ते बरोबर नाही, निर्णय आधीच झालेला होता. पण बंडाने एक गोष्ट उघडी पडली: उद्या मोठं आंदोलन झालं तर गोळी झाडायचा हुकूम हिंदी शिपाई पाळेल याची आता कोणी हमी देत नव्हतं. माझ्या मते निर्णायक हेच. शिपाई मात्र हवेत बदलला नाही. त्याच्या गावात, घरात तीस वर्षं जे चाललं होतं त्यानेच तो बदलला.

१९४७ चं स्वातंत्र्य ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहे, हे खरं का?

नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारा हा मजकूर दर ऑगस्टमध्ये नव्याने उगवतो. खरं आहे ते एवढंच: १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० या काळात भारत डोमिनियन होता, म्हणजे कारभार पूर्ण आपला, पण राजा नावापुरता ब्रिटनचा. घटना लागू झाल्यावर तेही संपलं. पाकिस्तान १९५६ पर्यंत डोमिनियन राहिला.

काही देश सही-शिक्क्याने सुटले, काहींना वर्षानुवर्षं लढावं लागलं. असं का?

या पानावरचा सगळ्यांत कामाचा प्रश्न हा. त्याचं माझं उत्तर सोपं आहे: सातबारा कोणाच्या नावावर होता ते बघा.

जिथे युरोपीय माणूस अधिकारी, व्यापारी किंवा पाद्री म्हणून येत होता आणि पेन्शन घेऊन मायदेशी परतत होता, तिथे साम्राज्याला निघून जाणं तुलनेने सोपं गेलं. पश्चिम आफ्रिकेत मलेरियाच्या धाकाने गोरे वसाहत करायला धजलेच नाहीत. घानाचा कोको आफ्रिकी शेतकरीच पिकवत. तिथली गोष्ट बघा: क्वामे एन्क्रुमा तुरुंगात असताना फेब्रुवारी १९५१ ची निवडणूक जिंकला. गव्हर्नरने त्याला तुरुंगातून बोलावून सरकार बनवायला सांगितलं. ६ मार्च १९५७ ला घाना स्वतंत्र झाला.

आता केनिया बघा. उंचावरच्या थंड, सुपीक जमिनी कायद्याने गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या. किकुयू लोक आपल्याच आजोबांच्या जमिनीवर मजूर. १९५२ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि 'माऊ माऊ' बंड मोडायला हजारो लोकांना छावण्यांत कोंडलं. मार्च १९५९ मध्ये होला छावणीत ११ कैद्यांना मारहाण करून ठार केलं. सरकारी निवेदनात आधी म्हटलं होतं की ते पाणी पिऊन मेले. त्या काळातली दडवून ठेवलेली कागदपत्रं पुढे अर्ध्या शतकाने बाहेर आली आणि २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने पाच हजारांहून अधिक वृद्ध केनियनांना सुमारे २ कोटी पौंडांची भरपाई मान्य केली. १२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला खरा, पण बरीचशी जमीन नव्या सरकारला गोऱ्यांकडून विकतच घ्यावी लागली, आणि त्यासाठी कर्ज दिलं ब्रिटननेच.

अल्जीरिया तर याहून भयंकर. फ्रान्सच्या लेखी ती वसाहत नव्हतीच, फ्रान्सचाच तुकडा होता. सुमारे दहा लाख युरोपीय तिथे पिढ्यान्पिढ्या राहत, आणि त्यांच्या भोवती मताचा समान हक्क नसलेले नव्वद लाख अल्जीरियन. ८ मे १९४५ ला युरोपात विजयाचे फटाके वाजत असताना सेतिफ गावात अल्जीरियाचा झेंडा घेऊन निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पुढच्या काही आठवड्यांत हजारो माणसं मारली गेली. १ नोव्हेंबर १९५४ ला सशस्त्र लढा पेटला. छळछावण्या, बॉम्ब, गावंच्या गावं उठवणं. या युद्धाने १९५८ मध्ये खुद्द फ्रान्सचं चौथं प्रजासत्ताक कोसळलं आणि द गॉल परत सत्तेवर आले. मार्च १९६२ मध्ये एव्हियाँ इथे करार झाला आणि काही महिन्यांत बहुतेक सगळे युरोपीय जहाजं पकडून निघून गेले.

ऱ्होडेशियातही तेच सूत्र. तिथल्या मूठभर गोऱ्यांनी तर १९६५ मध्ये ब्रिटनच्याच विरुद्ध परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं, कशासाठी तर बहुसंख्याकांचं राज्य येऊ नये म्हणून. झिंबाब्वे व्हायला एप्रिल १९८० उजाडला.

हे सूत्र सगळीकडे बसत नाही, हेही सांगतो. व्हिएतनाममध्ये फ्रेंच शेतकरी थोडेच होते, तरी फ्रान्स १९५४ च्या दिएन बिएन फूच्या पराभवापर्यंत लढला. १९४० मध्ये जर्मनीपुढे गेलेली अब्रू परत मिळवायची होती, असं वाटतं. मलायात उलट झालं: ब्रिटिश बारा वर्षं लढले, पण कम्युनिस्टांशी. रबर आणि कथिल सुरक्षित राहतील अशी माणसं सत्तेवर येतायत म्हटल्यावर १९५७ मध्ये त्यांनी स्वातंत्र्य देऊनही टाकलं.

मग भारतात गोऱ्यांची जमीन नव्हती, तरी एवढं रक्त का सांडलं?

कारण ते रक्त इंग्रजांशी लढताना सांडलेलं नाही. इंग्रज घाईत होते. सिरिल रॅडक्लिफ यापूर्वी कधी भारतात आला नव्हता. तो ८ जुलै १९४७ ला पोचला आणि जेमतेम पाच आठवड्यांत त्याने पंजाब आणि बंगाल कापले. रेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. आपण नेमके कोणत्या देशात आहोत हे लाखो लोकांना झेंडा फडकवताना माहीत नव्हतं.

इंडोनेशियाच्या लढ्याशी आपला काय संबंध?

दोन संबंध आहेत आणि ते एकमेकांच्या उलट आहेत.

१७ ऑगस्ट १९४५ ला सुकार्नो आणि हत्ता यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. डच अजून परतले नव्हते, म्हणून जपान्यांची शस्त्रं काढून घ्यायला ब्रिटिशांनी सैन्य पाठवलं. ते सैन्य बहुतांशी हिंदी होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४५ मध्ये सुराबायात घनघोर लढाई झाली, आणि त्यात आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. साताऱ्या-कोल्हापूरकडचा पोरगा, स्वतःचा देश पारतंत्र्यात, आणि तो जावातल्या रस्त्यावर दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्यसैनिकांवर बंदूक रोखून उभा. १० नोव्हेंबर हा तिथे आजही 'वीर दिन' म्हणून पाळतात.

दुसरा संबंध अभिमानाचा. जुलै १९४७ मध्ये डचांनी हल्ला चढवल्यावर ओडिशाचे बिजू पटनाईक स्वतः विमान उडवत जावात गेले आणि तिथल्या नेत्यांना बाहेर काढून दिल्लीला घेऊन आले. जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी इंडोनेशियासाठी दिल्लीत आशियाई देशांची परिषद भरवली. २७ डिसेंबर १९४९ ला डचांनी हार मानली, पण जाताना वसाहतीच्या सरकारचं चारशे कोटी गिल्डरांहून अधिक कर्ज नव्या देशाच्या गळ्यात मारलं. हैतीची आठवण येते ना?

एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) मुख्य इमारतीला 'सुदान ब्लॉक' का म्हणतात?

खडकवासल्याला जाणाऱ्या रस्त्यावरून लांबून घुमट दिसतो, ती इमारत. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी, पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत, हिंदी सैनिक लढले आणि मेले. त्याची जाण ठेवून सुदानने १ लाख पौंडांची देणगी दिली. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला त्यातले ७० हजार आले आणि ते या इमारतीच्या कामी लागले. देणगी दिली तेव्हा सुदान स्वतः पारतंत्र्यात होता. तो १ जानेवारी १९५६ ला स्वतंत्र झाला, आणि त्याआधीची तिथली पहिली निवडणूक भरवून द्यायला गेले होते आपले पहिले निवडणूक आयुक्त सुकुमार सेन.

वसाहतींचा इतिहास वाचताना या सैनिकांवर नजर ठेवा. २८ फेब्रुवारी १९४८ ला घानातल्या अक्रा शहरात गव्हर्नरकडे पेन्शनची दाद मागायला निघालेल्या माजी सैनिकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तिघे गेले. त्यांच्यासारखे कित्येक ब्रह्मदेशात ब्रिटनसाठी लढून आले होते. घानाच्या स्वातंत्र्याची खरी सुरुवात तिथे झाली.

१९६० ला आफ्रिकेचं वर्ष का म्हणतात?

त्या एका वर्षात आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले, त्यातले बहुतेक फ्रान्सचे. फेब्रुवारीत ब्रिटनचे पंतप्रधान मॅकमिलन यांनी केपटाऊनमध्ये वर्णद्वेषी संसदेपुढे उभं राहून बदलाचं वारं खंडभर वाहतंय असं सांगून टाकलं. १४ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांत वसाहतवाद संपवण्याचा ठराव ८९ विरुद्ध शून्य असा मंजूर झाला. नऊ देश तटस्थ राहिले. त्यात ब्रिटन, फ्रान्स, पोर्तुगाल आणि अमेरिकाही होते.

फ्रान्सला 'नाही' म्हटलं तर काय होई, हे गिनीने दोन वर्षं आधीच पाहिलं होतं. सप्टेंबर १९५८ च्या सार्वमतात फक्त गिनीने फ्रेंच समूहात राहायला नकार दिला. फ्रेंच अधिकारी गेले ते फायली जाळून आणि टेलिफोनसुद्धा उखडून.

काँगोची एवढी वाताहत का झाली?

बेल्जियमने तयारीच करू दिली नव्हती. आधी १८८५ ते १९०८ हा प्रदेश राजा लिओपोल्डची खाजगी मालमत्ता होता, रबराचा कोटा भरला नाही तर हात तोडले जात. नंतर सरकारी राज्य आलं, खाणी चालल्या, प्राथमिक शाळा निघाल्या, पण वरची दारं बंद. १९६० मध्ये अख्ख्या देशात पदवीधर काँगोली तीसही नव्हते. सैन्यात एकही आफ्रिकी अधिकारी नव्हता.

जानेवारीत ब्रुसेल्समध्ये बोलणी सुरू झाली आणि ३० जूनला स्वातंत्र्य! त्या समारंभात राजा बोदुएँने लिओपोल्डचे गोडवे गायले, तेव्हा पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा कार्यक्रमात नाव नसताना उठले आणि ऐंशी वर्षांच्या अपमानांचा पाढा त्यांनी राजासमोर वाचला. पाचव्या-सहाव्या दिवशी सैन्याने बंड केलं. ११ जुलैला तांब्याच्या खाणींचा कटांगा प्रांत बेल्जियमच्या पाठिंब्याने फुटून निघाला. १७ जानेवारी १९६१ ला लुमुंबांना तिथेच गोळ्या घालण्यात आल्या आणि प्रेत आम्लात विरघळवलं. एका बेल्जियन पोलिसाने ठेवून घेतलेला त्यांचा एक दात २०२२ मध्ये कुटुंबाला परत मिळाला. काँगोत शांतिसेनेत भारताचे हजारो जवान होते. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना तिथेच वीरमरण आलं, त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

स्वातंत्र्य 'घाईत' दिल्यामुळे हे झालं, असं म्हणणारे बरेच आहेत. घाई झाली हे खरं. पण पंचाहत्तर वर्षं हातात असताना एकही अधिकारी न घडवणं ही घाई नव्हती, ते धोरण होतं.

गोवा १४ वर्षं उशिरा का सुटला? पुण्याचा त्यात किती हात?

उशीर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्यामुळे. त्याने १९५१ मध्ये वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' असं नाव देऊन टाकलं. प्रांत सोडायचा प्रश्नच येत नाही, असा त्याचा युक्तिवाद. शिवाय पोर्तुगाल नाटोचा सदस्य.

पुण्याचा हात चांगला मोठा. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त करायला गेलेल्या स्वयंसेवकांत राजा वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे अशी मंडळी होती. त्या मोहिमेला पैसा उभा करायला लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा हाती आलं. गंमत म्हणजे पुढची सात वर्षं हा प्रदेश कोणत्याच देशाचा नव्हता. कारभार तिथली वरिष्ठ पंचायत बघायची. १९६१ मध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही करायला के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्यांना एका दिवसापुरतं तिथलं पंतप्रधान केलं, आणि समोर सही करायला नेहरू!

गोव्यासाठी पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली. मे १९५५ मध्ये ना. ग. गोरे आणि सेनापती बापट पहिली तुकडी घेऊन हद्दीत शिरले. बापटांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होतं. ना. ग. गोरे यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो निःशस्त्र सत्याग्रही सीमेवर गेले, पोर्तुगीजांनी गोळीबार केला, वीसहून अधिक माणसं मेली. नेहरू सरकारने तेव्हा सैन्य पाठवलं नाही, याचा राग पुण्यातल्या जुन्या समाजवाद्यांच्या बोलण्यात शेवटपर्यंत होता. मला तो राग पटतो, पण नेहरूंची अडचणही कळते: जगभर शांततेचा पुरस्कार करणाऱ्याला बंदूक उचलणं अवघड जातं.

शेवटी उचलावी लागलीच. १८ डिसेंबर १९६१ ला लष्कर शिरलं आणि १९ ला पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती दिली. सुरक्षा परिषदेत पाश्चात्त्यांनी निषेधाचा ठराव आणला, तो सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. लिस्बनच्या तुरुंगात असलेले गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे मात्र जानेवारी १९६९ मध्ये सुटले, गोवा मुक्त झाल्यावर सात वर्षांनी.

आणि पोर्तुगालचे बाकीचे 'प्रांत'? अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ इथे दहा ते तेरा वर्षं युद्ध चाललं. त्याला कंटाळून पोर्तुगालच्याच तरुण अधिकाऱ्यांनी २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमधली राजवट उलथवली. दीड वर्षात सगळ्या आफ्रिकी वसाहती सुटल्या. वसाहतींनी मायदेशाला लोकशाही मिळवून दिली, असं म्हटलं तर चालेल.

आफ्रिकेच्या सीमा पट्टीने आखल्यासारख्या आहेत. स्वातंत्र्यानंतर त्या बदलल्या का नाहीत?

नव्या नेत्यांनीच ठरवलं. जुलै १९६४ मध्ये कैरोत आफ्रिकी देशांच्या संघटनेने ठराव केला की मिळाल्या तशा सीमा मानायच्या. सोमालिया आणि मोरोक्को यांना ते मान्य नव्हतं. बाकीच्यांचा विचार व्यवहारी होता: एक रेषा हलवली की सगळ्याच हलणार. नंतर एरिट्रिया १९९३ मध्ये आणि दक्षिण सुदान २०११ मध्ये वेगळे झाले, एवढेच मोठे अपवाद.

झेंडा बदलला, पण जुने मालक खरंच गेले का?

सगळीकडे नाही. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले १४ देश आजही १९४५ मध्ये फ्रान्सने सुरू केलेला सीएफए फ्रँक वापरतात. आधी फ्रेंच फ्रँकला बांधलेला, आता युरोला. या देशांच्या परकीय चलनसाठ्याचा मोठा हिस्सा अनेक दशकं फ्रान्सच्या खजिन्यात ठेवावा लागे. दुसऱ्या बाजूला इजिप्तचं उदाहरण आहे. १९५६ मध्ये नासेरने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, ब्रिटन आणि फ्रान्सने इस्रायलला हाताशी धरून हल्ला केला, आणि अमेरिकेने पौंडाची कोंडी करताच माघार घेतली. लंडनचा हुकूम आता वॉशिंग्टनला विचारल्याशिवाय चालत नाही, हे त्या आठवड्यात जगाला कळलं.

मॉरिशसमध्ये मराठी लोक कसे?

१८३४ पासून ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांवर कराराने मजूर नेले. त्यात कोकणातली माणसं होती, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. मराठी शाळेत शिकवली जाते, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. देश १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र झाला; दांडीयात्रेचा दिवस म्हणून ही तारीख निवडली, असं तिथे अभिमानाने सांगतात. मात्र सगळ्यांनाच स्वातंत्र्य हवं होतं असं नाही, १९६७ च्या निवडणुकीत चाळीस टक्क्यांहून अधिक मतं विरोधात पडली होती. शिवाय स्वातंत्र्याआधी तीन वर्षं ब्रिटनने चागोस बेटं तोडून स्वतःकडे ठेवली, तिथल्या रहिवाशांना हुसकलं आणि दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ झाला. हे तोडणं बेकायदा होतं, असं मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये दिलं.

अजून कोणत्या वसाहती उरल्या आहेत?

संयुक्त राष्ट्रांच्या यादीत १७ प्रदेश आहेत. बहुतेक छोटी बेटं. मोठा आणि धगधगता एकच, पश्चिम सहारा. न्यू कॅलेडोनियात २०१८ ते २०२१ मध्ये तीन सार्वमतं झाली, तिन्हींत फ्रान्ससोबत राहण्याचा कौल आला, पण शेवटच्यावर स्वातंत्र्यवाद्यांनी बहिष्कार टाकला होता.

परीक्षेत स्वातंत्र्याची कोणती तारीख लिहायची? पुस्तकागणिक वेगळी दिसते.

कारण स्वातंत्र्य जाहीर करणं आणि जुन्या मालकाने ते मानणं यात कधीकधी वर्षं जातात. इंडोनेशिया १७ ऑगस्ट १९४५ धरतो, डच कागदावर २७ डिसेंबर १९४९ आहे. गिनी-बिसाऊने २४ सप्टेंबर १९७३ ला जाहीर केलं, पोर्तुगालने मानलं १० सप्टेंबर १९७४ ला. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, पण पोर्तुगालने सही केली ३१ डिसेंबर १९७४ ला. प्रश्नात 'मान्यता' हा शब्द नसेल तर तो देश स्वतः पाळतो ती तारीख लिहावी. पुदुच्चेरीचा तेवढा घोळ आहे: फ्रेंचांनी ताबा दिला १ नोव्हेंबर १९५४ ला आणि कायदेशीर हस्तांतर झालं १६ ऑगस्ट १९६२ ला, आणि तिथलं सरकार दोन्ही दिवस साजरे करतं. पर्यायांत दोन्ही तारखा आल्या तर प्रश्न 'प्रत्यक्ष' म्हणतोय की 'कायदेशीर' ते नीट वाचून मगच गोल काळा करा.